बीटलवर जुने वेबर आणि डेलोर्टो कार्बोरेटर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी बीटल १९७२ ची आहे. १६०० सीसी, डबल पोर्ट हेड, गाडी पुण्यात असते. गेली अकरा वर्षं तिच्यावर इटलीत बनलेल्या वेबरच्या ४० आयडीएफ कार्बोरेटरची जोडी आहे. या काळात मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरं एकत्र लिहिली आहेत. बरीचशी चुका करून शिकलोय. शर्यतीच्या गाडीचं गणित वेगळं असतं. इथे जे आहे ते सिग्नलला थांबणाऱ्या, घाट चढणाऱ्या, रविवारी घरच्यांना घेऊन जाणाऱ्या गाडीसाठी आहे.

कंपनीने एका सोलेक्सवर चालवलेल्या इंजिनाला दोन कार्बोरेटर कशाला?

बीटलचं इंजिन आडवं, दोन सिलिंडर उजवीकडे आणि दोन डावीकडे. मूळ सोलेक्स (३० पिक्ट, ३४ पिक्ट वगैरे) मधोमध बसतो आणि तिथून बारीक, लांब नळीतून मिश्रण दोन्ही टोकांना जातं. एवढ्या प्रवासात पेट्रोल नळीच्या भिंतीला चिकटतं, थंड हवेत जास्तच. म्हणून तर कंपनीने त्या नळीखालून सायलेन्सरची गरम हवा फिरवली आहे. दोन कार्बोरेटर हेडच्या डोक्यावर बसवले की ही वाट जवळजवळ संपते, आणि आयडीएफसारखे दोन घशांचे असतील तर प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा घसा (हवा आत ओढणारी नळी) मिळतो. पाय दाबला की गाडी लगेच उत्तर देते. ते उत्तर एकदा पायाला जाणवलं की माणूस परत सोलेक्सकडे जात नाही.

मग ताकद किती वाढेल?

बाकी सगळं कंपनीचं असेल तर फार नाही. कॅमशाफ्ट तोच, हेड तेच, सायलेन्सर तोच, मग इंजिन जास्त हवा ओढणार कुठून? फरक पडतो तो पिकअपमध्ये आणि वरच्या आरपीएमला गाडी मोकळी धावते त्यात. खरी ताकद हवी असेल तर कॅम, हेड आणि एक्झॉस्ट आधी, कार्बोरेटर त्यांच्या मापाने नंतर. उलट क्रमाने पैसे घालणारे खूप पाहिलेत आणि त्यातले बहुतेक वर्षभरात कार्बोरेटर विकायला काढतात.

कुठला घेऊ? वेबर, डेलोर्टो की काद्रॉन?

वेबर म्हणजे एदुआर्दो वेबर यांनी १९२३ मध्ये बोलोन्यात सुरू केलेली कंपनी. डेलोर्टो १९३३ पासूनची, मिलानजवळच्या सेरेन्योची. काद्रॉन म्हणजे ब्राझीलमध्ये बनलेला सोलेक्स, एका घशाचा, ४० मिलिमीटरचा, प्रत्येक बाजूला एक.

१६०० ते १७७६ सीसीपर्यंत वेबरचा ४० आयडीएफ किंवा डेलोर्टोचा ४० डीआरएलए पुरून उरतो. माझं प्रामाणिक मत विचाराल तर डेलोर्टोचं काम वेबरपेक्षा नेटकं आहे आणि खालच्या आरपीएमला तो थोडा मऊ चालतो. पण वेबरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) आणि किट कुठूनही मागवता येतात, डेलोर्टोसाठी शोधाशोध करावी लागते. म्हणून मी वेबरवर राहिलो. ज्यांना गाडी साधी, शांत हवी आहे आणि दर महिन्याला बॉनेट उघडायचं नाही, त्यांनी काद्रॉन घ्यावा. त्याला कमी लेखणारे लोक असतात, त्यांचं ऐकू नये.

४४ कधी? बोअर वाढवून १९१५ सीसी किंवा त्यापुढे गेलात आणि कॅमही शर्यतीच्या धाटणीचा असेल तेव्हा. नुसत्या १६०० वर मोठा घसा लावला की हवेचा वेग पडतो, वेग पडला की पेट्रोलचे थेंब नीट फुटत नाहीत आणि गाडी खाली गुदमरते. रस्त्यावर लहान घसा नेहमी सुखाचा.

आणि ४८ आयडीए? फोटोत तर तेच दिसतात.

दिसणारच. साठच्या दशकात कोब्रासारख्या व्ही-८ शर्यतीच्या गाड्यांवर हे कार्बोरेटर नावारूपाला आले. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्यातले दोन उचलून बीटलच्या इंजिनावर चढवले आणि ड्रॅग स्ट्रिपवर मोठमोठ्या इंजिनांना मागे टाकलं. आजच्या ‘कॅल लुक’ बीटलची सगळी ऐट तिथून आली. पण हे कार्बोरेटर पूर्ण उघड्या थ्रॉटलसाठी घडवलेले आहेत. स्लोवरून (पाय न दाबता इंजिन चालतं ती स्थिती) मेन जेटकडे जाताना मधली पोकळी भरणारी प्रोग्रेशनची भोकं त्यात फक्त दोन. म्हणून जाणकार तिसरं भोक पाडून घेतात. तसं केलं तरी कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये ते चालवणं म्हणजे रोजची कुस्ती. मोठं इंजिन नसेल तर हात लावू नका.

माझं हेड सिंगल पोर्ट आहे. आयडीएफ बसेल?

सिंगल पोर्टला प्रत्येक हेडमध्ये एकच वाट असते, दोन घसे तिथे उतरवण्यात अर्थ नाही. काद्रॉनची जोडी लावा, तिचे सिंगल पोर्टचे मॅनिफोल्ड (कार्बोरेटर हेडला जोडणाऱ्या नळ्या) मिळतात.

जुनी जोडी घेताना काय तपासू?

माझी पहिली जोडी ‘पूर्ण ओव्हरहॉल केलेली’ म्हणून विकत घेतली होती. बाहेरून चांदीसारखी चमकत होती. उघडली तर एका मिक्स्चर स्क्रूचं टोक आतल्या भोकात मोडून बसलेलं. कोणीतरी तो स्क्रू जोर लावून आवळला होता. ते टोक काढताना भोक मोठं झालं आणि ती बॉडी गेली ती गेलीच. तेव्हापासून मी चकाकी बघत नाही.

पहिलं काम थ्रॉटलचं स्पिंडल धरून वर-खाली हलवून बघणं. आयडीएफ आणि डीआरएलए दोन्हीत स्पिंडल बॉल बेअरिंगवर फिरतं, त्यामुळे चांगल्या नगात खुळखुळ जाणवत नाही. काद्रॉनमध्ये स्पिंडल सरळ अॅल्युमिनियममध्ये फिरतं, तिथे झीज हमखास. बुश बसवून ती दुरुस्त होते, फक्त भाव त्या हिशेबाने करा. मग चारही मिक्स्चर स्क्रू काढून टोकं बघा, अणकुचीदार आणि सरळ हवीत. टोकावर कंगोरा पडलेला असेल तर स्क्रू बदलायचा. बुडाची बाजू काचेवर ठेवा, डुगडुगली तर ती वाकलेली आहे. आटे गेलेले आहेत का, हे प्रत्येक भोकात स्क्रू हाताने फिरवूनच कळतं.

बॉडीवर बोलोन्याचं नाव म्हणजे जुना इटालियन नग. नंतरचे वेबर स्पेनमध्ये बनले, तेही उत्तमच. त्याच आकाराच्या नकलाही बाजारात आहेत. नक्कल घेणं पाप नाही, पण जुन्या इटालियनचा भाव तिला देऊ नका. युरोपातून आणवत असाल तर आणखी एक गोष्ट: अल्फा रोमिओच्या अल्फासूदवरून निघालेले बरेच आयडीएफ विकायला असतात. नग चांगले असतात, फक्त आतले जेट आणि बाहेरची लिंकेज (पॅडलची ओढ थ्रॉटलला पोचवणाऱ्या काड्या) बीटलच्या कामाची नसते.

जेटवरच्या आकड्याचा अर्थ काय? सुरुवात कुठून करू?

आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ११५ चा जेट म्हणजे १.१५ मिलिमीटर. मेन जेटसाठी जुना ठोकताळा आहे: व्हेंचुरी (घशातला सगळ्यात अरुंद भाग, मिलिमीटरमध्ये) गुणिले चार. २८ ची व्हेंचुरी असेल तर ११२, म्हणजे ११५ पासून सुरुवात.

माझ्या १६०० वर सुरुवात अशी होती: व्हेंचुरी २८, मेन ११५, एअर करेक्टर २००, इमल्शन ट्यूब एफ ११, आयडल ५०. यातले पहिले चार आकडे बहुतेकांना थोड्याफार फरकाने चालतात. पाचव्याने मला दोन महिने झोपू दिलं नाही, त्याबद्दल पुढे.

एक हिशेब डोक्यात ठेवा. पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळातून जातं, व्यासातून नाही. म्हणून मेन ११५ वरून १२० केला तर क्षेत्रफळ जवळजवळ ९ टक्क्यांनी वाढतं, पण आयडल ५० वरून ५५ केला तर २१ टक्क्यांनी! आयडल जेटची एक पायरी ही मोठी उडी असते.

साधारण दोन-अडीच हजार आरपीएमला गाडी झटका खाते, कार्बोरेटरमधून फट् असा आवाज येतो. मेन जेट वाढवू का?

नाही, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे, म्हणून सावकाश वाचा.

आयडल जेट फक्त स्लोसाठी असतो असं नावावरून वाटतं. प्रत्यक्षात साधारण ३००० आरपीएमपर्यंत, हलक्या पायाने चालवताना, इंजिनाला पेट्रोल आयडल जेटच देतो. गावातून जाताना, साठच्या वेगाने सरळ रस्त्यावर जाताना मेन जेट जवळजवळ झोपलेला असतो. रस्त्यावरची गाडी आयडल जेटवर चालते. तिथे मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) असेल तर नेमका हाच झटका येतो, आणि माणूस मेन जेट बदलत बसतो. मी ११५ चा १२०, १२५, १३० करत गेलो. झटका तिथेच, फक्त वर काळा धूर.

पण ५५ चा जेट मागवण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, बाहेरची हवा. इंजिन स्लोवर ठेवून मॅनिफोल्डच्या वरच्या आणि खालच्या गॅस्केटभोवती कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर तिथून हवा आत जातेय. गरम इंजिनावर हा फवारा पेटू शकतो, म्हणून थंड असतानाच आणि विझवायचं साधन हाताशी ठेवून.

दुसरी, स्लोचा स्क्रू. थ्रॉटलच्या पट्टीला स्क्रू टेकल्यापासून तो अर्धा फेरा, फार तर एक फेरा आत असावा. मेकॅनिक स्लो टिकत नाही म्हणून तो दोन-दोन फेरे आत घालतात. मग थ्रॉटलची पाकळी स्लोवरच इतकी उघडते की प्रोग्रेशनची भोकं आधीच उघडी पडतात. पाय दाबल्यावर जे पेट्रोल यायला हवं ते आधीच खर्च झालेलं असतं. माझ्या गाडीत दोन्ही दोष होते. डाव्या मॅनिफोल्डचं गॅस्केट बदललं, स्क्रू अर्ध्या फेऱ्यावर आणले, मग ५५ चे आयडल घातले आणि मेन गुपचूप ११५ वर परत. संध्याकाळी पाषाणच्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू पाय दाबत गेलो. १५००, २०००, २५००, ३०००, कुठे झटका नाही. घरी न जाता तसाच लोणावळ्यापर्यंत गेलो.

दोन्ही कार्बोरेटर सिंक कसे करायचे, म्हणजे सारखी हवा ओढतील असे?

कार्बोरेटरला हात लावण्याआधी टॅपेट (थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटर), प्लग आणि टायमिंग नीट हवं. त्यातला दोष कार्बोरेटरने लपत नाही.

गाडी अर्धा तास चालवून आणा. मग लिंकेजच्या दोन्ही काड्या सोडा, म्हणजे प्रत्येक कार्बोरेटर स्वतंत्र होतो. हवा मोजायचं गोल मीटर घशावर ठेवा आणि स्लोच्या स्क्रूने दोन्हीकडे सारखा आकडा आणा, इंजिन ९०० ते १००० वर राहील असं. नंतर चारही मिक्स्चर स्क्रू एकेक करून: आत घ्या, इंजिन अडखळू लागलं की बाहेर या, आवाज गोल आणि जलद झाला की थांबा. नंतरच्या आयडीएफवर एकाच कार्बोरेटरच्या दोन घशांमधला फरक काढायला हवेचे छोटे बायपास स्क्रू आहेत, ते शेवटी.

आता काड्या जोडा. जोडताना स्लोचा आकडा जराही हलता कामा नये. हलला तर काडीची लांबी फिरवून जुळवा. मग कुणाला तरी पॅडलवर बसवून २५०० वर रेस धरायला सांगा आणि पुन्हा मोजा. हे दुसरं मोजमाप नव्वद टक्के लोक करत नाहीत. गाडी स्लोवर घड्याळासारखी चालते आणि रस्त्यावर थरथरते ती यामुळेच.

थंड असताना सिंक बरोबर, तापल्यावर स्लो वाढतं. का?

इंजिन तापलं की सगळंच वाढतं, आणि आडव्या इंजिनात दोन्ही हेड एकमेकांपासून लांब सरकतात. लिंकेजचा आडवा रॉड मात्र तेवढा वाढत नाही. काडी तिरकी बसवलेली असेल तर हा फरक ती थ्रॉटलवर ओढून घेते. काड्या होता होईल तेवढ्या उभ्या आणि एकमेकींना समांतर ठेवा, टोकांचे सांधे खुळखुळणारे नकोत. आणि सिंक नेहमी गरम इंजिनावरच.

पेट्रोलचं प्रेशर किती हवं?

आयडीएफला ३ पीएसआयच्या आसपास. कंपनीचा मेकॅनिकल पंप यापेक्षा जास्त देऊ शकतो. नवे पंप तर हमखास देतात. पंपाखाली जादा गॅस्केट घालून किंवा रेग्युलेटर लावून कमी करा. प्रेशर जास्त झालं की फ्लोटची निडल हरते, पेट्रोल घशातून थेट सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरतं. आठवड्यातून एकदा डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालू करू नका, बेअरिंगं जातील. पितळी फ्लोटची उंची गॅस्केटपासून १० मिलिमीटर, झाकण उभं धरून मोजायची, म्हणजे निडलची स्प्रिंग दबत नाही.

इथलं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल चालेल का?

चालवावं तर लागणारच. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच जेटमधून मिश्रण सात-आठ टक्के लीन होतं. वर काढलेला हिशेब आठवा: मेन जेटची एक पायरी बरोबर तेवढीच भरपाई करते. म्हणून माझा मेन आज १२० आहे, आयडल ५५ च. हवेवर थंड होणारं इंजिन लीन चाललं की हेड तापतं. या बाबतीत काटकसर नको.

दुसरा त्रास रबराचा. जुने पाइप फुगतात, आतून सुटून त्यांचे काळे कण जेटमध्ये येतात. इथेनॉल सोसणारे पाइप आणि व्हायटॉन (पेट्रोल सोसणारं रबर) टोकाची निडल घाला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामे करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि फ्लोटच्या वाटीत पांढरी बुरशी धरल्यासारखी राख जमते. कोकणातल्या पावसाळ्यात तर पंधरा दिवसांतच.

चोक नाही. सकाळी चालू कशी करायची?

पॅडल दोन-तीनदा पूर्ण दाबा, दर वेळी पंप पेट्रोलची धार मारतो. मग चावी. पकडलं की मिनिटभर १२००-१५०० वर पाय धरून ठेवा. महाबळेश्वरच्या डिसेंबरात पाच वेळा दाबावं लागतं, एवढंच.

डिस्ट्रिब्युटर बदलावा लागेल?

बहुतेक वेळा हो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र घसा असला की व्हॅक्यूम धडधडत येतो, मूळ व्हॅक्यूम डिस्ट्रिब्युटरला त्याचा भरवसा वाटत नाही. बॉशचा ००९, जो फक्त वेगावर अॅडव्हान्स देतो, अशा जोडीबरोबर चांगला जमतो. टायमिंग स्लोवर बघू नका. ३००० च्या वर एकूण अॅडव्हान्स २८ ते ३२ अंश हवा.

आग लागते असं ऐकलंय.

खरं आहे, आणि यात मी कुणाचीही समजूत काढणार नाही. बीटलचं क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आहे. एकदा पेटलं की पाण्याने विझत नाही. कार्बोरेटर दोन झाले की पाइपचे जोड दुप्पट झाले आणि त्यातला एक डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावरून जातो. पेट्रोलचा फिल्टर इंजिनाच्या खोलीत कधीही लावू नका, तो खाली गिअरबॉक्सजवळ किंवा टाकीपाशी. कार्बोरेटर आणि पंपात ठोकून बसवलेल्या पितळी नळ्या कालांतराने सैल होऊन निसटतात. प्रत्येक नळी हाताने ओढून बघा, हलली तर आटे पाडून स्क्रूची नळी बसवा. पाइप दर दोन वर्षांनी नवे, क्लॅम्प प्रत्येक जोडावर. सीटखाली अग्निशामक. तो नसेल तर माझ्या गाडीत मी घरच्यांना बसवत नाही.

मीटर लावून बघायचं तर आकडे काय हवेत?

वाइडबँड सेन्सरवर (एक्झॉस्टमध्ये बसून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) स्लोला १३ ते १३.५, सरळ चालताना १३.५ ते १४, पूर्ण पाय दाबल्यावर १२.५ ते १२.८. ३ नंबरच्या सिलिंडरवर विशेष लक्ष. पंख्याच्या जुन्या आवरणात ऑइल कूलर त्याच्या वाटेत उभा होता आणि त्याला गरम हवा मिळायची. १९७१ पासून कूलर बाजूला सरकवला गेला. घाट चढताना गाडी किंचित रिच (पेट्रोल जास्त) होते, उंचीवर हवा विरळ असते म्हणून. त्यासाठी जेट बदलू नका.

अॅव्हरेज किती?

मला गावात नऊ, बाहेर अकराच्या पुढे. ज्याला सहा मिळतात त्याचं ट्यूनिंग चुकलंय.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. बोअर वाढवून सीसी बदलणाऱ्यांनी हे आधी वाचावं. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवायची असेल तर ती मूळ स्वरूपात असावी लागते आणि मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. म्हणून माझा मूळ सोलेक्स, त्याचा मॅनिफोल्ड आणि फिल्टर तेल लावून पेटीत ठेवले आहेत. तुमचेही भंगारात घालू नका. पीयूसी नीट ट्यून केलेली जोडी पास होते.

वाटेत एक सिलिंडर बंद पडला तर?

लक्षण ओळखा: स्लोवर तीन सिलिंडर, फट् फट् आवाज, पण साडेतीन हजारच्या वर गाडी एकदम ठीक. म्हणजे प्लग चांगला आहे आणि आयडल जेट तुंबलाय, कारण वर गेल्यावर मेन काम सांभाळतो. मला हे खंबाटकीच्या पायथ्याशी झालं. स्लोवर उभी करून रबरी पकडीने प्लगच्या वायरी एकेक काढल्या. ३ नंबरची काढली तेव्हा आवाजात काहीच फरक पडला नाही. तो डावीकडचा, गाडीच्या पुढच्या बाजूचा सिलिंडर. त्या घशाचा आयडल जेट बाहेरच्या अंगालाच असतो, चपट्या स्क्रूड्रायव्हरने निघतो. जेट आकाशाकडे धरून डोळा लावला तर भोकात अर्धचंद्रच दिसला, उरलेली जागा रबराच्या एका काळ्या कणाने व्यापली होती. तारेने खोचू नका, भोक मोठं होतं. तोंडाने उलट्या बाजूने जोरात फुंकलं, पुन्हा धरलं. आता ठिपका गोल. घातला, चालू केली, चारही सिलिंडर. सात मिनिटं लागली असतील. तेव्हापासून ग्लोव्ह बॉक्समध्ये एक स्क्रूड्रायव्हर, कापडात गुंडाळलेले दोन जादा आयडल जेट आणि एक छोटी बॅटरी असते.